पहिला कान कुणाचा? : प्राथमिक शाळा आणि मुलांची सुरक्षितता

शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेबद्दलचे कायदे, शासन निर्णय आणि न्यायालयांचे आदेश एकापुढे एक ठेवून वाचले, की ती नियमांची यादी न राहता पुण्यतिथ्यांची यादी वाटू लागते. जवळजवळ प्रत्येक नियमामागे एक तारीख आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपरापर्यंत पोचली आणि ९४ मुले दगावली. बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले मृत्युमुखी पडली. २८ ऑगस्ट २०१७ रोजी आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेची वर्गखोली पावसात कोसळली आणि तीन विद्यार्थी गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे शाळेचे छत कोसळून सात मुले मेली.

गेली काही वर्षे मी हे कागद वाचतो आहे आणि आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शाळांमध्ये ते कागद भिंतीवर, नोंदवहीत आणि प्रत्यक्षात कसे दिसतात हे पाहतो आहे. शिक्षणशास्त्राची किंवा कायद्याची पदवी माझ्याजवळ नाही. पण घटनांचे वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात येते, आणि ती लक्षात यायला पदवी लागत नाही. गंडामनमध्ये जेवणाची चव विचित्र लागते आहे असे मुलांनी सांगितल्याचे वृत्तांत नोंदले गेले. त्यांना खायला सांगण्यात आले. पिपलोदीत वरून खडे पडत आहेत असे मुलांनी सांगितल्याचे वाचलेल्या मुलांनी नंतर सांगितले; त्यांना बसून राहायला सांगण्यात आले. बदलापूरला शिशुवर्गातल्या मुलीने दुखते आहे असे घरी सांगितले, आणि त्या एका वाक्याला शाळा, पोलीस ठाणे आणि गुन्ह्याची नोंद एवढा प्रवास करायला कित्येक तास लागले.

म्हणजे तीन अगदी वेगळ्या दुर्घटनांत धोक्याची पहिली खबर मुलानेच दिलेली होती. शाळेच्या सुरक्षिततेची चर्चा आपण भिंत, कुलूप आणि कॅमेरा यांच्याभोवती करतो. या लेखात मला तपासायचे आहे ते असे, की मूल काही सांगते तेव्हा ते ऐकणारा पहिला कान कुणाचा असतो आणि त्या कानाने पुढे काय करावे अशी आपली व्यवस्था आहे.

भिंत, ताट आणि रस्ता

आधी व्यवस्थेचा ढोबळ नकाशा पाहू. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळा कशी असावी हे सांगितले आहे : सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे निदान एक खोली, मुलगे आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, अडथळ्याविना आत येता येईल अशी वाट, आहार शिजवण्याची जागा, आणि आवारभिंत किंवा कुंपण. त्याच्या एक वर्ष आधी, १३ एप्रिल २००९ रोजी, अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कुंभकोणमच्या आगीचा संदर्भ घेऊन म्हटले होते, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो. अग्निशमनाची साधने, ती वापरण्याचे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि बांधकामसंहितेचे पालन या गोष्टी तेव्हापासून शाळांवर बंधनकारक आहेत.

मराठवाड्यात या परिशिष्टातला पहिलाच शब्द, इमारत, अडचणीचा आहे. आमच्या भागात १९४८ पूर्वीच्या, निजामी राजवटीत बांधलेल्या शाळा अजून वापरात आहेत. दगडी भिंती भक्कम, पण वरची लाकडे कुजलेली, असे त्यांचे चित्र असते. त्यांच्या दुरुस्तीची घोषणा दर काही वर्षांनी होते. त्यानंतरच्या काळातल्या पत्र्याच्या आणि स्लॅबच्या खोल्यांची अवस्थाही फारशी वेगळी नाही. धोकादायक खोली वापरातून बाद करण्याला शासकीय भाषेत ‘निर्लेखन’ म्हणतात. मुख्याध्यापकाने प्रस्ताव द्यायचा, तो केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जायचा, बांधकाम विभागाने पाहणी करायची, मग मंजुरी. इथे एक पेच आहे. खोली निर्लेखित झाली की ती गेली. नवी खोली मंजूर होऊन उभी राहीपर्यंत वर्ग समाजमंदिरात, देवळाच्या ओसरीवर किंवा व्हरांड्यात भरवावा लागतो. त्यामुळे पावसाळ्यापुरते ‘त्या कोपऱ्यात बसू नका’ असे सांगून खोली वापरत राहण्याकडे कल असतो. ‘त्या कोपऱ्यात बसू नका’ हे वाक्य मराठवाड्यातल्या किती पिढ्यांनी शाळेत ऐकले असेल!

ताटाची व्यवस्था त्या मानाने स्पष्ट आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे, आणि मुलांना वाढण्यापूर्वी निदान एका शिक्षकाने तो आहार चाखावा असा नियम आहे. शाळांमध्ये त्यासाठी चव नोंदवही असते. नियम फार चांगला आहे. अडचण अशी, की वहीत बहुतेक पानांवर ‘चांगली’ हा एकच शेरा असतो. चव घेणाऱ्या मोठ्या माणसाचे मत लिहायला रकाना आहे. खाणाऱ्याने ‘कडू लागतंय’ म्हटले तर ते लिहायला नाही.

रस्त्यासाठी महाराष्ट्रात २०११ ची स्कूल बस नियमावली आहे. वाहनाचा रंग, वेगमर्यादा, मुलांना चढवणारा-उतरवणारा मदतनीस, प्राथमिक उपचारांची पेटी, आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती. बसने येणाऱ्या मुलांपुरते हे ठीक आहे. पण आमच्या शहरातली पुष्कळ लहान मुले रिक्षाकाकांच्या भरवशावर येतात. मुलगी पुढच्या सीटवर बसायला आज का तयार नाही, हे फाटकापाशी कुणी विचारले तर रस्त्याच्या सुरक्षिततेची अर्धी चौकशी तिथेच होते.

माणसांची राखण

भिंत, ताट आणि रस्ता यांतले धोके डोळ्यांना दिसतात. माणसापासूनचा धोका दिसत नाही, कारण तो बहुधा ओळखीच्या चेहऱ्याने येतो.

बदलापूरच्या शाळेत सफाईचे काम करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्याने शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली. १६ ऑगस्ट २०२४ च्या रात्री गुन्हा नोंदला गेला; त्यासाठी पालकांना ठाण्यात ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतप्त लोकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे अडवली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या संस्थाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. शाळेतले पंधरा दिवसांचे कॅमेऱ्याचे चित्रण उपलब्ध नाही, असे तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. महिनाभरात, २३ सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला आणि पुढची सगळी चर्चा त्या गोळीबाराभोवती फिरत राहिली. मुलीचे वाक्य नेमके कुठे अडले, हा शाळांना सर्वांत उपयोगी प्रश्न मागे पडला.

राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी जो निर्णय काढला त्याने आधीच्या अनेक आदेशांना एकत्र बांधले. महिनाभरात सर्व शाळांत सीसीटीव्ही. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून निदान तीनदा चित्रण तपासायचे. शिपाई, सफाई कामगार, पहारेकरी, चालक अशा सर्वांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. सहावीपर्यंतच्या मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी. २०१७ पासून सांगितलेली तक्रारपेटी. १० मार्च २०२२ च्या निर्णयानुसार सखी सावित्री समिती. आणि अनुचित प्रकार कळल्यास २४ तासांच्या आत पोलिसांना माहिती. न चुकता न पाळणाऱ्या खासगी शाळांची मान्यता काढण्याचा इशाराही त्यात होता. उच्च न्यायालयाने नेमलेल्या, दोन निवृत्त महिला न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखालील समितीच्या शिफारशींनंतर मे २०२५ मध्ये आणखी सविस्तर आदेश निघाला.

यातले काहीही अनावश्यक नाही. पण प्रत्येक साधनाची धाव कुठवर आहे हे माहीत असावे. कॅमेरा झालेली गोष्ट दाखवतो, तीही चालू असेल तर, आणि स्वच्छतागृहात तो लावता येत नाही. चारित्र्य पडताळणीत पूर्वी नोंदलेला गुन्हा दिसतो. कधीच नोंद न झालेला माणूस त्या कागदावर स्वच्छच असतो. सखी सावित्री समितीत शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, शिक्षिका, समुपदेशक, महिला डॉक्टर, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीच्या महिला सदस्य, पालक आणि विद्यार्थी असतात. रचना विचारपूर्वक केलेली आहे. मात्र वाडीवस्तीवरच्या दोन शिक्षकांच्या शाळेत समुपदेशक आणि महिला डॉक्टर कुठून आणायचे? मग फलकावर नावे येतात आणि समिती तिथेच थांबते.

शाळेने न्यायनिवाडा करू नये

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. मुलाने काही सांगितल्यावर शाळेने कायद्याने काय करायचे असते?

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाने, म्हणजे पॉक्सोने, याचे उत्तर कलम १९ मध्ये दिले आहे. असा अपराध घडल्याचे माहीत असलेल्या, किंवा घडण्याची शक्यता वाटणाऱ्या, कोणत्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिली पाहिजे. ‘कोणत्याही व्यक्तीने’ यात शिपाई आला, स्वयंपाकी मावशी आल्या, वर्गशिक्षिका आल्या. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडवला तर एक वर्षापर्यंत. मुलाने स्वतः सांगितले नाही म्हणून मुलाला मात्र शिक्षा नाही. आणि प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर, ती पुढे सिद्ध झाली नाही तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

शेवटचे वाक्य शिक्षकांना फारसे ठाऊक नसते, आणि सगळी गाडी तिथेच अडते. शाळांमध्ये प्रामाणिक माणसांचीही पहिली प्रतिक्रिया असते : आधी आपण खात्री करून घेऊ. मग मुलीला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावतात, तिच्याकडून पुन्हा वदवून घेतात, ज्याच्याविषयी बोलणे आहे त्याला समोर उभे करतात, संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावतात, पालकांना ‘मुलीच्या भवितव्याचा विचार करा’ असे समजावतात. यातल्या प्रत्येक पायरीला खात्री करून घेणे असे नाव असते. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात पुरावा पातळ होतो, मूल घाबरते आणि आरोपीला सावध व्हायला सवड मिळते. शाळेचे काम माहिती पोचवण्याचे आहे. खरे-खोटे ठरवायला पोलीस, डॉक्टर आणि न्यायालय आहेत.

शासन निर्णयातल्या २४ तासांचाही असाच गैरसमज होतो. तो वेळ विचार करायला दिलेला नाही. ती बाहेरची सीमा आहे. कलम १९ ला थांबण्याची मुभाच नाही.

या कर्तव्याकडे न्यायालय कसे पाहते याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे शाळेच्या वसतिगृहातील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला होता, तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. माहिती असून न कळवणे हा गंभीर अपराध आहे आणि बहुतेक वेळा त्यामागे अपराध्याला वाचवण्याचा प्रयत्न असतो, असे मत न्यायालयाने नोंदवले. लवकर कळवले तर मूळ गुन्ह्याचा तपास, वैद्यकीय तपासणी आणि पुढच्या मुलांचे रक्षण शक्य होते. उशिराने या तिन्ही गोष्टी हातातून जातात.

पोलिसांकडे गेल्यावर मुलाचे काय होते, ही पालकांची खरी भीती असते. त्याचीही उत्तरे कायद्यात आहेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचे नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे. मुलाचे नाव, घर, शाळा, ओळख पटेल असा कोणताही तपशील छापायचा नाही. बदलापूरला ठाण्यात काय झाले ते पाहता या तरतुदी आपोआप अमलात येतात असे कुणी म्हणणार नाही. म्हणूनच त्या पालकांना माहीत असणे महत्त्वाचे आहे. माहीत असलेला हक्क मागता तरी येतो.

लिहिता न येणाऱ्याची तक्रारपेटी

तक्रारपेटीचा नियम सांगतो, की पेटी दर्शनी जागी असावी आणि आठवड्यातून एकदा ती उघडावी. माध्यमिक शाळेत तिचा उपयोग आहे. पण अंगणवाडी, शिशुवर्ग, पहिली, दुसरी या वयाच्या मुलाला चिठ्ठी लिहिता येत नाही. बदलापूरच्या मुली त्याच वयाच्या होत्या. ज्यांना सर्वांत जास्त जपायचे, त्यांच्यासाठी ही पेटी म्हणजे भिंतीवरचा एक डबाच. त्यांची तक्रारपेटी म्हणजे त्यांच्या आसपासचे मोठे माणूस.

लहान मूल तक्रार करत नाही, ते गोष्टीतला एक तुकडा सांगते. ‘मला त्या बाथरूमला नाही जायचं.’ ‘ते काका वाईट खेळ खेळतात.’ ‘पोटात दुखतंय.’ कधी काहीच सांगत नाही. शाळेत यायला नको म्हणते, चड्डी ओली करते, एकाच माणसाला पाहून आईच्या मागे लपते. यातल्या प्रत्येक गोष्टीला दहा साधी कारणे असू शकतात. म्हणून घाबरून जायचे नसते, पण नोंद घ्यायची असते.

शरीराच्या अवयवांना मुलांकडे शब्द नसतात, ही आपल्या घरांनी निर्माण केलेली अडचण आहे. नाक, कान, गुडघा शिकवताना मधल्या भागापाशी आपण ‘शी-शी’ म्हणून पुढे जातो. मग ज्या जागेला नावच नाही, तिथे काही झाले तर मुलाने ते सांगायचे कसे? सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शाचे धडे आता शाळांत दिले जातात. त्यांचा पहिला पाठ शब्दांचा असायला हवा, आणि तो पालकसभेतही व्हायला हवा.

मूल सांगू लागले तर ऐकणाऱ्याने काय करावे, याविषयी जगभरचा अनुभव जवळपास सारखा आहे. जिथे आहोत तिथेच, चेहरा शांत ठेवून ऐकावे. ‘मग काय झालं?’ एवढेच विचारावे. ‘त्या काकांनी केलं ना?’ असे उत्तर तोंडात घालू नये. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ हे सांगावे. नंतर लगेच मुलाचेच शब्द, जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत. आपल्या सभ्य मराठीत त्यांचे भाषांतर करू नये.

छडी आणि बंद तोंड

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही मना केले आहेत. या कलमाची चर्चा शिस्तीच्या अंगाने होते : मारले नाही तर मुले बिघडतील का, वगैरे. माझ्या मते ते सुरक्षिततेचे कलम आहे. ज्या वर्गात मध्येच बोलल्याबद्दल कान पिळला जातो, त्या वर्गातले मूल छतातून खडा पडला तरी बोलणार नाही, आणि पडला म्हणून बोललेच तर ‘गप्प बस’ हे उत्तर तयार असते. पिपलोदी आणि गंडामन यांतला दुवा मला इथे दिसतो. मुलाने मोठ्यांचे ऐकावे हे आपण घरी आणि शाळेत इतके पक्के शिकवतो, की मोठ्याने वाईट काम सांगितले तरी ते ऐकायचे असते असे त्याला वाटते.

शिक्षकांची बाजूही नोंदवली पाहिजे. पहिलीचे मूल पडले तर उचलून घ्यावे की नाही, रडले तर जवळ घ्यावे की नाही, अशी भीती पुरुष शिक्षकांमध्ये वाढते आहे, आणि ती खोटी नाही. मायेने डोक्यावरून हात फिरवणारा शिक्षक शाळेतून हद्दपार झाला तर नुकसान मुलांचेच. त्यावर उपाय संशय वाढवण्यात नाही, उघडेपणात आहे : दार उघडे, खिडकी मोकळी, मुलाला एकटे थांबवून घ्यायचे नाही, स्वच्छतागृहाकडे लहान मुलांना नेणारी व्यक्ती ठरलेली. हे नियम मुलाला जपतात, तसेच शिक्षकालाही.

दिवाळीनंतरचा हजेरीपट

मराठवाड्यात मुलाच्या सुरक्षिततेचे सर्वांत जुने साधन हजेरीपट आहे, आणि त्याची परीक्षा याच दिवसांत होते. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना आणि आमच्या कन्नडसारख्या तालुक्यांतून ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांच्या, म्हणजे ‘कोयत्यां’च्या, गाड्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, जाणे भाग असते. मार्च-एप्रिलपर्यंत दुसऱ्या सत्राच्या हजेरीपटावर कित्येक नावांपुढे रिकामे चौकोन राहतात.

मुलापुढे दोन वाटा असतात. बरोबर गेले तर कारखान्याच्या तळावरची कोपी, उघड्यावरचा संडास, पहाटे फडात निघून गेलेले आई-बाप आणि दिवसभर धाकट्या भावंडाची राखण. कोणत्याही शाळेची आवारभिंत त्याच्याभोवती नसते. मागे राहिले तर म्हातारे आजी-आजोबा आणि शासनाचे हंगामी वसतिगृह. बऱ्याच गावांत ते नावाने वसतिगृह आणि प्रत्यक्षात दोन वेळचे जेवण असते, मुले झोपायला घरी जातात. स्थलांतरित मुलाला शिक्षण हमी कार्ड दिले जाते, ते दाखवून नव्या जागी शाळेत बसता यावे म्हणून. त्यावर त्याची इयत्ता जाते. त्याच्याविषयी शाळेला असलेली काळजी जात नाही.

म्हणून एक साधी सवय मला फार मोलाची वाटते : तीन दिवस मूल आले नाही तर कुणीतरी घरी जाऊन येणे. पूर्वी वस्तीशाळांचे शिक्षक हे करत. या फेरीत नुसती गळती कळत नाही. आजार, मार, ठरलेले लग्न, घरात आलेला नवा माणूस, सगळेच कळते. ‘गैरहजर’ हाही मुलाने न बोलता सांगितलेला निरोपच असतो.

एक माणूस, नावानिशी

इंग्लंडमध्ये २००२ साली सोहॅम या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींची एका शाळेच्या केअरटेकरने हत्या केली. त्याच्याविरुद्धच्या पूर्वीच्या तक्रारी एका भागातल्या पोलिसांकडे होत्या, त्या दुसऱ्या भागापर्यंत पोचल्याच नव्हत्या. बिचर्ड चौकशीचा अहवाल २००४ मध्ये आला आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या पडताळणीची तिथली पद्धत नव्याने बांधली गेली. पण तिथल्या व्यवस्थेतला आपल्याला अधिक उपयोगी भाग वेगळा आहे. प्रत्येक शाळेत नेतृत्वातील एका व्यक्तीला नावानिशी बालसुरक्षेची जबाबदारी दिलेली असते. मुलाविषयी काही खटकले तर शिपायापासून सर्वांनी ते त्या व्यक्तीला सांगायचे, तिने लिहून ठेवायचे आणि पुढे पाठवायचे. शिवाय सुरक्षिततेच्या शासकीय मार्गदर्शिकेचा निदान पहिला भाग शाळेतल्या कर्मचाऱ्यांना वाचावा लागतो.

याचा फायदा असा, की लहान लहान खटकणाऱ्या गोष्टी एका ठिकाणी जमतात. वर्गशिक्षिकेला दिसले की मूल गप्प आहे. स्वयंपाकी मावशींना दिसले की ते जेवत नाही. रिक्षाकाकांना दिसले की ते एका घराजवळ उतरायला घाबरते. तीन जणांजवळ तीन तुकडे राहिले तर त्यांचा अर्थ लागत नाही.

आपल्याकडे समित्या पुष्कळ आहेत : शाळा व्यवस्थापन समिती, सखी सावित्री, परिवहन समिती, विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ. समितीच्या जबाबदारीचे एक वैशिष्ट्य म्हणजे ती सर्वांची असते आणि वेळेला कुणाचीच नसते. त्यात आणखी एका समितीची भर नको. आहे त्याच सखी सावित्री समितीतून एका व्यक्तीचे नाव ठरवावे, ती शक्यतो शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असावी, आणि तिचा फोटो मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा. सध्याचे फलक मोठ्यांच्या उंचीवर असतात. तिच्याजवळ एक कुलूपबंद वही असावी. फलकावर १०९८ हा बालमदत क्रमांक आणि ११२ असावेतच, पण पहिलीच्या मुलाला फोनपेक्षा चेहरा जवळचा.

दोन शिक्षकी शाळेलाही हे जमण्यासारखे आहे. चव नोंदवहीत एक रकाना मुलांसाठी आखायला पैसे लागत नाहीत. परिपाठाच्या वेळी आठवड्यातून एकदा ‘शाळेत कुठं भीती वाटते?’ असे विचारायला निधी मंजूर व्हावा लागत नाही. मुले नेमके सांगतात : स्वच्छतागृहाची कडी आतून लागत नाही, विहिरीकडच्या बाजूचे कुंपण तुटले आहे, मागच्या खोलीत पाणी गळते, मधल्या सुट्टीत मोठी मुले ढकलतात. त्यातले निम्मे प्रश्न गावातल्या गावात सुटतात. उरलेले शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून वर पाठवता येतात. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदाच सांगतो. ठरावाची प्रत आणि पोच जवळ असली की निर्लेखनाचा प्रस्तावही इतका सहज धूळ खात पडत नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळा पुन्हा भरतील आणि घरोघर मुलांना विचारले जाईल, ‘आज काय शिकवलं?’ त्याच्या जोडीने ‘आज कुणाशी बोललास, काय बोललास?’ हेही रोज विचारले गेले, तर शाळेतला कान चुकला तरी घरातला एक कान जागा राहील. आणि उत्तरात एखादे वेडेवाकडे, अर्धवट वाक्य आले, तर ते ‘उगाच काहीतरी बोलू नकोस’ म्हणून परत पाठवू नये.